डिस्ट फोल्डरमधली दुरुस्ती

शेजारच्या खोलीत पोरं हसली की माझ्या पोटात दुखायचं. बेळगावातल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासला दोन खोल्या, मध्ये प्लायवूडची भिंत. अलीकडे मी, पलीकडे ती. दोघंही शिकवायचो एकच: वेबसाइट बांधायचं फ्रेमवर्क, त्यातले फोल्डर, त्याची बिल्डची अवजारं. मी चौदा वर्षं शिकवत होतो. ती मूळची निपाणीची, जैन व्यापारी घरातली, लग्न होऊन बेळगावात आलेली, आणि तीन वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसून हे सगळं शिकलेली. गुरूची विद्या गुरूला म्हणतात, ती माझ्या वाट्याला अशी भिंतीपलीकडून येत होती.

पोरं तिला आक्का म्हणायची आणि मला सर. चौदा वर्षांत मला कुणी अण्णा म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मीच दटावलं असतं, ते वेगळं.

माझी पद्धत सरळ होती. फळ्यावर फोल्डरांचं झाड काढायचं आणि पोरांकडून दोनदा वहीत उतरवून घ्यायचं. आपण लिहितो ते सोर्स फोल्डरमध्ये. बिल्डची कमांड दिली की त्यातून तयार पानं निघतात, ती डिस्ट फोल्डरमध्ये पडतात आणि लोकांना तीच दिसतात. पोरांना हे घडाघडा पाठ असायचं. कळलेलं असायचं की नाही, हे मी फारसं विचारत नसे.

तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "कुणाच्या घरला गुऱ्हाळ हाय रं?" दोन हात वर झाले असावेत. मग मला भिंतीपलीकडून सगळा तास ऐकावा लागला. "ऊस म्हंजे सोर्स. घाणा आन् काहील म्हंजे बिल्ड. ढेप म्हंजे डिस्ट. आता ढेपंची चव बिघडली तर काय करशीला? ढेपंवर साखर चोळशीला काय?"

"न्हाय आक्का, पुढच्या काहिलीला बघायचं."

इंटरनेटवरून उतरवलेल्या तयार सामानाच्या फायलींनी गच्च भरलेलं नोड मॉड्यूल्सचं फोल्डर माझी पोरं पेनड्राइव्हवर घालून घरी न्यायला बघायची आणि कॉपी संपेपर्यंत तासभर बसून राहायची. मला त्याची गंमत वाटायची. ती म्हणाली, "बाजारला गेलं तर दुकान उचलून आणतोय काय आपण? चिठ्ठी न्यायची. ही पॅकेजची फाईल म्हंजे चिठ्ठी. घरला जाऊन एक कमांड मारली की नेटवरनं सामान आपसूक येतंय." पोरं हसली. मला हे चौदा वर्षांत का सुचलं नाही, असा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. चिठ्ठी म्हणे, असं म्हणून नाक तेवढं मुरडलं.

त्यात क्लासच्या मालकांनी जाहीर केलं की पुढच्या महिन्यापासून दोन्ही वर्ग मिळून सकाळी एकच मोठी बॅच होणार आणि ती एकाकडेच जाणार, दुसऱ्याला संध्याकाळची छोटी. रविवारी पालकांसमोर दोघांच्या पोरांनी आपापलं काम दाखवायचं आणि त्यावरून ठरवायचं. चौदा वर्षांनंतर मी परीक्षेला बसत होतो, आणि समोरची परीक्षार्थी माझी विद्यार्थिनी होती. त्या आठवड्यात मला जेवण गोड लागलं नाही.

शनिवारी दुपारी माझा एक माउस बंद पडला म्हणून दुसरा आणायला पलीकडच्या खोलीत गेलो. तिथं तिची एक विद्यार्थिनी एकटीच बसली होती, रोज गुंजीहून रेल्वेनं येणारी. वडिलांचा रताळ्यांचा व्यापार, त्याचं पान तिनं बनवलं होतं. माल महाराष्ट्रात आणि कर्नाटकात दोन्हीकडे जातो म्हणून अर्धं पान मराठीत, अर्धं कन्नडमध्ये. मी मागं उभा राहून वाचलं. लाल मातीतली रताळी आहेत, न धुता पाठवतो, धुतली की टिकत नाहीत, असं साधं, बोलल्यासारखं, सुरेख कन्नड होतं.

पण वर फोल्डरचं नाव दिसत होतं, डिस्ट. सगळं कन्नड तिनं थेट तयार पानात लिहिलं होतं.

"हे इथं कसं?" मी विचारलं.

"घरात रेंज न्हाय सर. चिठ्ठी नेली तर सामान कुठनं येणार? म्हणून तयार पानंच नेली पेनड्राइव्हवर. आप्पांनी दोन दिस बसून कन्नड सांगितलं, मी लिवलं." मग मान वळवून म्हणाली, "बरोबर हाय न्हवं सर?"

उद्या बिल्ड झालं की जुना डिस्ट पुसला जाणार आणि सोर्समधून नवा तयार होणार, हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक होतं. सोर्समध्ये कन्नडची एक ओळ नव्हती. एक वाक्य बोललो असतो तर पोरीनं अर्ध्या तासात सगळं सोर्समध्ये हलवलं असतं.

"छान झालंय," मी म्हणालो आणि माउस घेऊन बाहेर पडलो.

रविवारी त्या पोरीचे वडील सकाळच्या गाडीनं आले, इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या बाकावर बसले. माझ्या पोरांचं आटोपलं होतं. कुणाचं काही अडलं नाही, कुणी हसलंही नाही. मग आक्का पुढं आली. पालकांना मुळापासून दाखवायचं म्हणून तिनं बिल्डची कमांड दिली आणि गुंजीच्या पोरीचं पान पडद्यावर उघडलं. अर्धं पान कोरं.

वडील पडद्याकडे बघत राहिले. पोरीनं आक्काकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

आक्कानं दोन मिनिटं फोल्डर तपासले, पोरीला हळू आवाजात दोन प्रश्न विचारले आणि सगळ्यांकडे वळली. "चूक माझी हाय. चिठ्ठी न्या म्हणून सांगितलं, पर रेंज नसलेल्या घरात काय करायचं ते सांगितलंच न्हाय." मग वडिलांशेजारी बाकावर बसली. "सांगा आप्पा, पयल्यापासनं सांगा." ते सांगत गेले, पोरगी सोर्समध्ये लिहीत गेली, मागची पोरं माना उंचावून बघत होती. पुन्हा बिल्ड झालं आणि कन्नड उमटलं. माझ्या वर्गातला एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "आत्ता कळलं की रं."

बॅच मला मिळाली. तिच्या पोरांचं पान सगळ्यांसमोर उडालं, सरांच्या वेळी तसं काही झालं नाही, असं मालक म्हणाले. मी जिंकलो होतो आणि तरी तिचाच हेवा करत घरी हिंडलग्याला गेलो. तसं चारचौघांत चूक माझी म्हणणं मला या जन्मी जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती संध्याकाळच्या बॅचचं वेळापत्रक न्यायला माझ्या खोलीत आली. जाताना दारात थांबली.

"पोरगी म्हणत होती, शनिवारी सरांना दाखवलं होतं."

मी टेबलावरचे कागद नीट लावू लागलो.

"मी तिला सांगितलंय, सरांना कन्नड वाचाय येत न्हाय. न कळणारं दिसलं म्हणून नुसतं छान म्हणाले असतील, वरचं फोल्डर बघितलं नसंल. त्या पोरीला आता पुढं तुमच्याकडंच शिकायचं हाय सर." एवढं बोलून ती गेली. माझं कन्नड कसं आहे हे तिला चांगलं माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी तिच्या पहिल्या पानातल्या कन्नडच्या चुका मीच काढल्या होत्या.

आता ती गुंजीची पोरगी माझ्या बॅचला आहे. नवं काही लिहिलं की लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी येते आणि, मला वाचता येत नाही म्हणून, कन्नडची एकेक ओळ बोट ठेवून वाचते, मग तिचा अर्थ मराठीत समजावून सांगते. मी मान डोलावत ऐकून घेतो.