क्लचचा दांडा

फौजेच्या दवाखान्यात माझ्या नवऱ्याचा डावा पाय गुडघ्याच्या वर कापला. त्या दिवसापासून आमच्या वडूजच्या घरात एकच प्रश्न उरला: हे मोटार कशी चालवणार?

घरच्यांना तो प्रश्नच वाटत नव्हता. धाकटे दीर म्हणाले, "दादा, मी हाय की. कवाबी हाक मारा." हाक मारली की ते मळ्यात असत. मळ्यात निरोप धाडला की गावात. कधी सापडलेच, तर यांना मागच्या सीटवर पोत्यासारखे बसवत आणि वाटभर आपले उपकार ऐकवत. हे खिडकीबाहेर बघत राहत.

मग आम्ही साताऱ्याहून एक लोखंडी दांडा करून आणला. तो उजव्या हाताशी, दाराजवळ बसवला. दांडा ओढला की खाली क्लच दाबला जाई. तेवढ्यात डाव्या हाताने गिअर टाकायचा आणि त्या क्षणापुरते स्टिअरिंग उरलेल्या मांडीने सावरायचे. मी शिकवत होते त्या शाळेच्या मैदानावर हे शिकले. एक दिवस एकटे साताऱ्याला जाऊन आले. त्या दिवशी जेवताना त्यांनी पुन्हा भाजी मागितली.

पुढे दिरांचे लग्न ठरले. सत्तरच्या दशकात आमच्याकडे मोटारी मोजक्याच, त्यामुळे वरातीला आमचीच हवी होती. चुलत सासरे म्हणाले, "नवरदेवाच्या गाडीत लंगड्याचा दांडा? लोकं हसत्याल." त्यांचे मत म्हणजे घरचा कायदा. मत देण्यापलीकडे त्यांना काही येत नव्हते.

गाडी गावातल्या मिस्त्रीकडून परत आली तेव्हा दांडा नव्हता. खिडक्यांना झालरीचे पडदे होते, पुढे जादा दिवे होते आणि सनईचा गळा दाबल्यासारखा केकाटणारा हॉर्न होता. "लय भारी झाली!" दीर म्हणाले. मोटार सुधारणे म्हणजे काय, याची त्यांची समज तेवढीच.

वरात झाली. पडदे राहिले, हॉर्न राहिला, दांडा काही परत बसेना. मी मिस्त्रीकडे गेले. तो म्हणाला, "बसवू की, बाई. सायबास्नी कुठं जायाचं हाय?"

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी पान्हे विकत आणले.

दांडा चुलत सासऱ्यांच्या गोठ्यात सापडला. दाराला अडसर म्हणून लावला होता. मी तो ओढून काढला.

"आवं सूनबाई, म्हस बाहीर येईल की!"

"येऊ द्या. तिला चारही पाय आहेत."

मी पोते अंथरून मोटारीखाली शिरले. उघडे बॉनेट दिसले की आमच्याकडचे पुरुष आवतण आल्यासारखे जमतात. ज्यांनी सायकलचे पंक्चरही कधी काढले नव्हते, ते बॅटरी बघा म्हणाले, ऑइल बघा म्हणाले. पहिल्यांदा मी दांडा जोडला तेव्हा क्लच पुरता दबेना. गिअर करकरला. सगळे खूश झाले.

"वहिनी, पुस्तकं वाचून मोटारी व्हत न्हाईत," दीर म्हणाले.

मी पुन्हा खाली शिरले, दांड्याचा सांधा एक भोक वर घेतला, खीळ ठोकली. या वेळी गिअर आवाज न करता पडला. मग मी तो हॉर्न खोलून दिरांच्या हातात ठेवला.

"भाऊजी, हा तुमचा. आहेर समजा."

हे काठी टेकत आले, बसले, दांडा ओढला आणि कोणाकडेही न बघता निघून गेले. संध्याकाळी परतले. कुठे गेला होतात, हे मी विचारले नाही.

आता हे नाहीत. दहाव्याला तीच सगळी माणसे मांडी घालून बसली होती आणि दादा कसे स्वाभिमानी होते ते एकमेकांना सांगत होती. उठता उठता दीर म्हणाले, "वहिनी, आता त्यो दांडा काढून टाकू. गाडी मी वापरतो."

गाडी मी दिली नाही. ती दारात उभी आहे. चालत नाही. दांडा जागेवर आहे.