भक्कमरावांची भिंत

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. तसं असेल तर आमच्या सासऱ्यांबद्दल मला तोंड शिवूनच बसावं लागेल, आणि ते माझ्या स्वभावात नाही.

ते जन्मानं शेतकरी, शिक्षणानं इंजिनिअर. नोकरीत साहेबांना शेतीचे दाखले द्यायचे आणि शेतावर गड्यांना पुलांचे, त्यामुळे दोन्हीकडची माणसं सारखीच कंटाळायची. गावात त्यांना पाठीमागे भक्कमराव म्हणत, कारण त्यांनी केलेली वस्तू कधी मोडत नसे. हलतही नसे. शेताचं लोखंडी फाटक उघडायला दोन माणसं लागायची, म्हणून ते कायम उघडंच असायचं. गव्हाण अशी बांधली की वरून ट्रक गेला असता तरी तडा गेला नसता. फक्त काठ इतका उंच झाला की गाईला चाऱ्याचा वास यायचा, चारा मिळायचा नाही. शेवटी गाईला उभं राहायला ओटा बांधला. तोही भक्कम.

नोकरीत बांधलेल्या एका पुलाचा त्यांना फार अभिमान. पूल अजून उभा आहे, पण एका पुरानंतर नदीनं वाट बदलली आणि ती शेजारून वाहायला लागली. "पूल जागचा हलला का?" ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे. "नदी हलली. मग चूक कुणाची?" नदीची बाजू घ्यायला तिथं कोणी नसायचं.

घरही त्यांनीच बांधलं. पुढं बैठक आणि स्वयंपाकघर, मग बोळ, बोळाच्या टोकाला झोपायची खोली. बोळाला दोन काटकोनी वळणं ठेवली, वारा थेट आत घुसू नये म्हणून. वारा घुसला नाही. पलंगही घुसला नाही, तो आत नेऊन जोडावा लागला. खोलीच्या मागच्या भिंतीला लागूनच गोठा, पण त्या भिंतीला दार नाही. मग दुधाची बादली असो की शेणाची पाटी, पुढच्या दारानं बाहेर पडायचं आणि सगळ्या घराला वळसा घालायचा. अर्थात हा वळसा सासूबाईंनी घालायचा.

"अहो, मागं एक दार काढा ना," त्या म्हणायच्या. घर बांधलं तेव्हापासून म्हणत होत्या.

"भिंतीला भोक पाडलं की भिंतीचा जोर जातो. आणि पुढं दार आहे की! आजवर तुझं काय अडलं?"

त्या बादली उचलून चालू लागायच्या. मी सून म्हणून या घरात आल्यावर एकदा मध्ये तोंड घातलं, तर मला म्हणाले, "सूनबाई, बांधकाम भावनेवर उभं राहत नाही." खरंच होतं. ते सासूबाईंच्या गुडघ्यांवर उभं होतं.

नव्वदी जवळ आली तरी हात स्वस्थ बसेनात. एका सकाळी झोपायच्या खोलीतल्या पंख्याला तेल घालायला ते स्टुलावर चढले आणि खाली आले. एवढ्या वर्षांत त्यांची एकच वस्तू कोसळली, ती म्हणजे ते स्वतः. खुबा मोडला. डॉक्टरांनी फोनवर बजावलं, बसवू नका, वाकवू नका, आडवंच आणा आणि लवकर आणा. ॲम्ब्युलन्सवाले स्ट्रेचर घेऊन बोळात शिरले आणि पहिल्याच वळणावर अडकले. तिरकं करून बघितलं, उभं करून बघितलं. सासऱ्यांचा चेहरा पांढरा पडत चालला होता. मला भीती वाटली आणि तितकाच संताप आला.

"मागची भिंत फोडावी लागेल," आमचे हे म्हणाले.

"भिंतीला हात लावायचा नाही!" फरशीवरून आवाज आला. "मी चालत जाईन."

कुणाचा हात भिंतीकडे जाईना. नव्वदीला आलेला माणूस असला तरी धाक होता. तेव्हा सासूबाई दारातून पुढं झाल्या. त्यांचा आवाज इतका मोठा होऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं. "फोडा रे," त्या म्हणाल्या. "मी सांगते ना, फोडा!"

गवंड्याला बोलावलं. त्याची छिन्नी भिंतीवरून उडत होती. "एवढं लोखंड कुठल्या शहाण्यानं घातलंय हो?"

"मी!" सासरे कण्हता कण्हता म्हणाले. "किती आत गेलास?"

"चार बोटं."

"बघा!" जीव जायची वेळ आली होती आणि सासरे भिंतीच्या बाजूनं सामना बघत होते. शेवटी तालुक्याहून काँक्रीट फोडायचं मशीन आणलं. दुपार कलता कलता भोक पडलं आणि स्ट्रेचर गोठ्यातून सरळ बाहेर गेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं.

ते बरे झाले. वॉकर घेऊन परतले, तोवर आम्ही भोकाला चौकट बसवून घेतली होती. त्यांनी चौकट ठोकून पाहिली, नाक मुरडलं आणि आतच बसले. पुढं भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले, "मागच्या दाराची सोय मी पहिल्यापासून डोक्यात ठेवली होती." मी तोंड उघडणार, तर सासूबाईंनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. त्यांना दाराशी मतलब होता. पण तोवर गुडघे पार गेले होते, आणि दार मिळालं तरी त्या उंबरा धरून, एकेक पाय उचलूनच ओलांडायच्या.

परवा पहाटे ते झोपेतच गेले. माणसं जमली, कुणी कर्तबगार म्हणालं, कुणी देवमाणूस. मी चहा केला. न्यायची वेळ झाली तेव्हा कुणाला काही विचारावं लागलं नाही. चौघांनी उचललं आणि मागच्या दारातून नेलं. कुठं तिरकं करावं लागलं नाही, कुठं थांबावं लागलं नाही.

सासूबाई चौकटीला धरून उभ्या होत्या. "जा सरळ," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्हाला नाही घालावा लागला वळसा."

मग त्यांनी डोळे पुसले आणि बादलीकडे हात नेला. सकाळपासून गाईकडे कुणी बघितलं नव्हतं.