जलकुंभीचा कोळसा आणि दुर्गाताई

दुर्गाताईंच्या भावाचा फोन आला तेव्हा मी वरठी स्टेशनवर नागपूरच्या गाडीची वाट पाहत होतो. त्यांनाच भेटायला दवाखान्यात निघालो होतो. "आता नका येऊ सर, आम्हीच तिले घेऊन येऊन राहिलो करडीले," एवढंच तो म्हणाला. गाडी आली, गेली... मी बाकावरच बसून राहिलो. महिना उलटला, पण त्या दिवशीचा थकवा अजून अंगातून गेलेला नाही.

भंडाऱ्याच्या कॉलेजात आम्ही दोघं रसायनशास्त्र शिकवायचो. त्या माझ्याहून मोठ्या, करडी गावच्या ढीवर घरातल्या. वडील तलावात मासे धरत. त्या तलावावर जलकुंभी, म्हणजे जलपर्णी, इतकी माजली की जाळं टाकायला जागा उरेना. तेव्हा ताईंच्या मनात आलं, की ही वाळवून, हवा न लागू देता भट्टीत तापवून तिचा कोळसा करावा, आणि विजेने पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करताना तो वापरावा. या कामाला सगळ्यात चांगलं प्लॅटिनम, पण ते परवडतं कोणाला? सिकलसेल हा रक्ताचा आजार त्यांना लहानपणापासूनचा. सांधे ठणकायला लागले की भट्टीशेजारच्या स्टुलावर, भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून बसत. कळ ओसरली की पुन्हा उठत.

कित्येक वर्षं काहीच जमलं नाही. मग एकदा त्या कोळशावरून भराभर बुडबुडे सुटायला लागले, थेट प्लॅटिनमच्या तोडीचे. शोधनिबंध छापून आला, कॉलेजने शाल-श्रीफळ दिलं. ताई मात्र अस्वस्थ होत्या. वापरून वापरून कोळसा बिघडायला हवा, तर हा सुधारत कसा चालला? त्यांनी विजेच्या दुसऱ्या टोकाला आधीपासून लावलेली प्लॅटिनमची तार काढली, तिथे ग्राफाइटची कांडी लावली, नवा कोळसा घेतला... आणि बुडबुडे जवळजवळ थांबले. तारेतलं प्लॅटिनम थोडं थोडं विरघळून कोळशावर बसत होतं. काम ते करत होतं, जलकुंभी नव्हे. विभागप्रमुखांनी समजावून पाहिलं, कोण तपासायला बसलंय, राहू द्या. बाहेर आल्यावर ताई मला म्हणाल्या, "मी पाह्यलं ना, भाऊ. आता नाही पाह्यलं असं कसं करू?"

निबंध त्यांनी स्वतःहून मागे घेतला. त्यानंतर स्टाफरूममध्ये त्यांच्याजवळची खुर्ची बहुधा रिकामीच असायची. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शरीर साथ देत नव्हतं, दवाखान्याच्या खेपा वाढत होत्या. गेल्या दिवाळीनंतर ग्राफाइटची कांडी लावूनही बुडबुडे आले... थोडेच, पण जलकुंभीचे स्वतःचे. दिवसामागून दिवस ते येत राहिले. मला वाटलं, ताई हसतील. त्या काचेच्या भांड्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "थकली मी आता, भाऊ."

परवा करडीला गेलो. त्यांचे वडील तलावाच्या पाळीवर जलकुंभी उन्हात पसरून काठीने उलटवत होते. दर उन्हाळ्यात लेकीसाठी वाळवायचे, तशीच. मी शेजारी उकिडवा बसलो. त्यांनी विचारलं, "सर, लागन का हे आता? का फेकून देऊ?"

ताई गेल्यापासून भट्टी कोणी सुरू केलेली नाही. मी एकटा किती रेटू शकेन, ते मलाही ठाऊक नाही. बाबांची काठी थांबलेली होती.

"लागन, बाबा," मी म्हणालो.

गुडघ्यावर हात टेकून ते हळूहळू उठले आणि पोतं आणायला घराकडे निघाले.