शामरावांचं नाव कोरलेली रेकॉर्ड

पार्सल आलं आणि राजरत्न संडासात जाऊन बसला. साठीचा माणूस, तीस वर्षं परळच्या हॉस्पिटलात लोकांचे एक्स-रे काढलेला, आणि कुरिअरवाल्याने दार वाजवल्यावर बनियनवरच गॅलरीच्या टोकाला पळाला. सही मी केली. चौकोनी चपटा खोका, वर हॉलंडची तिकिटं. मी तो टेबलावर ठेवला आणि ओढणीला हात पुसले, कारण घाम मलाही फुटला होता.

राजरत्न माझा नवरा. मी त्याला नावाने हाक मारते, त्यावरून सासूबाई पहिली पाच वर्षं माझ्याशी धड बोलल्या नाहीत. त्याला जॅझच्या जुन्या रेकॉर्डी जमवायचं वेड. आधी चोरबाजारात उकिडवा बसून शोधायचा, आता मोबाइलवर लिलावात बोली लावतो. जगात कुठेतरी कुणी रेकॉर्ड विकायला काढतो, फोटो टाकतो, आठवडाभर बोली चालते. याला हवी असते पहिल्या छपाईची, अस्सल. ती ओळखायची कशी, तर मधल्या कागदाभोवती जी कोरी पट्टी असते, वाजवणं संपल्यावर सुई जिथे नुसती फिरत राहते, तिथे कारखान्यात खरडलेला नंबर असतो. लोक स्थळाचा फोटो आला की आधी चेहरा बघतात, हा रेकॉर्डची पट्टी बघतो.

गेल्या महिन्यात जेवता जेवता त्याने अशीच एक पट्टी बोटांनी मोठी करून बघितली आणि हातातला घास ताटात ठेवला. नंबरच्या शेजारी चक्क मराठीत कोरलं होतं, ‘शामराव भि. कासारे, परळ’.

शामराव म्हणजे माझे सासरे. गिरणीत विणकर, आणि पाळी सुटली की क्लॅरिनेट. एकाहत्तर साली एका हॉटेलातल्या जॅझ बँडचा वादक ऐन रेकॉर्डिंगला आजारी पडला, म्हणून कुणीतरी यांना नेलं. एक दुपार वाजवून आले. रेकॉर्ड निघाली, यांना एक मिळाली, पण पाकिटावर नाव नाही. सासरे सहा वर्षांच्या राजरत्नचं बोट धरून लालबागला भांड्यांच्या दुकानात गेले, जिथे आपण पातेल्यावर नाव घालून घेतो. ठोकलं असतं तर फुटली असती, म्हणून त्या माणसाने टोच्याने हळूहळू कोरून दिलं. नाव घालायला रेकॉर्ड आणणारं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच बघितलं असणार.

मग ब्याऐंशीचा संप. सासरे गावाला गेलेले, घरात पीठ नाही, म्हणून सासूबाईंनी, सुंदराबाईंनी, रद्दीबरोबर ती रेकॉर्डही भंगारवाल्याला दिली. मी असते तर मीही दिली असती. सासरे परत आले, रिकाम्या फळीकडे बघितलं आणि विचारलं नाही. दोन हजार चारला गेले, तोवर एका शब्दाने विचारलं नाही. क्लॅरिनेट पेटीत ठेवलं ते ठेवलंच. सासूबाई आता शहाऐंशीच्या, डोळे गेलेत. घरातली भांडी अंगठ्याने चाचपून ओळखतात, कुठलं कुणाच्या नावाचं ते बरोबर सांगतात. रेकॉर्ड सापडल्याचं कळलं तेव्हा राजरत्नला जवळ बोलावलं.

"त्यांच्या नावावर एकदा हात फिरवू दे," म्हणाल्या, "मग मी जायला मोकळी."

आता या शहाण्याने काय केलं बघा. हा भायखळ्याच्या मंडईत पिशवी धरून वाढलेला. आवडलेल्या मालाला नावं ठेवायची, वांगं किडकं आहे म्हणायचं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. त्या लिलावात वस्तूबद्दल प्रश्न विचारला की तो सगळ्यांना दिसतो. तर याने दुसऱ्याच दिवशी इंग्रजीत लिहिलं, की पट्टीवर कुणीतरी काहीतरी गिरमिटलंय, माल खराब केलाय, असली रेकॉर्ड कोण घेणार? मी विचारलं, असं का लिहिलंस? तर म्हणे, तुला नाही कळायचं, बाकीचे मागे हटतील.

बाकीचे हटले. रविवारी दुपारी रेकॉर्ड आमच्या नावावर झाली. राजरत्नने मला जिलेबी आणायला पाठवलं. मी परत आले तेव्हा तो भिंतीला टेकून उभा होता आणि तोंडाचा रंग उडाला होता. विकणाऱ्याचं मोबाइलवर पत्र आलं होतं. हॉलंडचा कुणी म्हातारा, सज्जन असावा. लिहिलं होतं, तुमचं म्हणणं वाचून मला लाज वाटली, असला माल मी देत नाही. माझा एक मित्र हे काम करतो, त्याच्याकडून पट्टी घासून साफ करून पाठवतो, वेगळे पैसे नकोत.

त्याने ताबडतोब उत्तर पाठवलं. हात लावू नका. ते माझ्या वडिलांचं नाव आहे. मग परत तेच पाठवलं, मग आणखी एकदा. तिकडून काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. फोन वाजला की हा दचकायचा, नाही वाजला की घडीघडीला उघडून बघायचा. भाजीचं पातेलं घासायला घेतलं की काथ्याचा आवाज त्याला सहन होईना, उठून बाहेर जायचा. मला इतका राग आला होता की दोन दिवस बोलले नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्याची भीती मलाही लागली. सासूबाई रोज सकाळी विचारायच्या, कुठवर आली रे? आणि तो म्हणायचा, येतेय. नवव्या दिवशी म्हाताऱ्याकडून फक्त पार्सलचा नंबर आला. बाकी अक्षर नाही.

तर असं ते पार्सल. राजरत्न संडासातून परत आला, तोंड धुतलं, आणि खोक्यासमोर नुसता उभा राहिला. शेवटी भाजीच्या सुरीने चिकटपट्टी मी कापली. आत पुठ्ठे, पुठ्ठ्यांत रेकॉर्ड, आणि एक चिठ्ठी. चिठ्ठी मी आधी वाचली नाही. त्याने रेकॉर्ड दोन्ही तळव्यांत धरून खिडकीपाशी नेली आणि तिरकी केली. नंबर होता. नंबराच्या शेजारी बोटभर धुरकट पट्टा, बाकी काही नाही. चिठ्ठीत म्हाताऱ्याने लिहिलं होतं, बघा, खूणसुद्धा राहिली नाही. राजरत्नची उत्तरं त्याने वाचलीच नसावीत.

मला तेव्हा जे सुचलं ते सांगते, लाज वाटली तरी सांगते. मी त्याच्या कानाशी म्हटलं, लालबागला जा, अजून नाव घालणारे आहेत, तसंच घालून आण. आईंना दिसतंय कुठे. राजरत्नने माझ्याकडे बघितलं. त्याने पायात चपलासुद्धा सरकवल्या. तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, पार्सल आलं ना, खोक्याचा आवाज ऐकला मी.

तो तसाच चपला घालून आत गेला आणि रेकॉर्ड त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी कडेपासून अंगठा आत आणला, कागदापर्यंत आला, मग पट्टीवरून गोल फिरवला. एकदा फिरवला. दुसऱ्यांदा हळू. तिसऱ्यांदा नखाने. मी दाराशी उभी होते. एवढं म्हातारं माणूस, आता याच क्षणी काही झालं तर?

"कुठंय रे?"

"आई, पुसलं गेलं." तो म्हणाला. "मीच लिहिलं त्यांना. खराब केलंय म्हणून."

का लिहिलंस, हे त्यांनी विचारलं. त्याने सांगितलं, सगळं, भाव पाडायला लिहिलं हेसुद्धा. सासूबाईंनी रेकॉर्ड बाजूला ठेवली.  राजरत्न भिंतीला धरून उभा होता.

"रेकॉर्ड भंगारात दिली तेव्हा हे मला काय बोलले नाय," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं मी वाट बघितली, आज बोलतील, उद्या बोलतील. चार शिव्या घातल्या असत्या तर मी सुटले असते. तुला मी तसं ठेवणार नाय. बस खाली."

तो लादीवर बसला आणि त्यांनी सुरुवात केली. मेल्या, गाढवा, बापाच्या नावाला किडकं वांगं केलंस. शिकवून साहेब केला तो याच्यासाठी का? आवाज चिरका झाला तरी थांबेनात. गॅलरीत माणसं जमली. मी दार लोटायला गेले तर माझ्यावरही ओरडल्या, उघडं ठेव, ऐकू दे सगळ्यांना. राजरत्न मान खाली घालून रडत होता. शेवटी त्यांना दम लागला, तशा थांबल्या. त्याने उठून पेला भरला, त्यांच्या हातात दिला, पाणी पिऊन होईपर्यंत थांबला आणि परत त्यांच्या पायाशी बसला.

"अजून बोल, आई," तो म्हणाला.