आजीच्या तांदळाचा लिलाव

त्या फेब्रुवारीत मी नाशिकला घरी आलो तेव्हा परत जाण्याची माझी अजिबात इच्छा नव्हती. आईला सांगितलं होतं, व्हिसाचं काम आहे, महिनाभर राहीन. खरं तर आपल्याला मिशनरी म्हणून देवाने बोलावलं की आपणच त्याच्या दारात जाऊन उभे राहिलो, हेच मला उमजेनासं झालं होतं. वय चोवीस. कंबोडियातल्या एका भातशेतीच्या गावात दीड वर्ष काढलेलं. पहाटे उठून प्रार्थनेची खोली झाडायची, पाणी भरायचं, पोरांना गणित आणि गाणी शिकवायची, दुपारी सायकलवरून घरोघर जायचं. भाषा निम्मी यायची. उरलेल्या निम्म्या जागी ते लोक हसायचे आणि मीही हसायचो. हे हसू रागाचं, लाजेचं की आनंदाचं, ते मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.

उपासनेला सुरुवातीला तीसेक माणसं यायची. सगळ्यांत आधी येऊन बसायची ती एक आजी. तिला एकही दात नव्हता, पण गाण्यात तिचाच आवाज सगळ्यांच्या वर. मला ती रोज काहीतरी खायला आणून द्यायची आणि मी खाईपर्यंत समोरून हलायची नाही. परक्या मुलखात एक तरी माणूस आपलं आहे, असं तिच्यामुळे वाटायचं.

भाताची कापणी झाली आणि मला हुक्की आली, आपण इथे हंगामाचा सण करू. आमच्या नाशिकच्या चर्चच्या मंडळीत हा सण म्हणजे वर्षाची मौज. लोक आपलं पहिलं पीक, कोंबडी, नारळ, घरचा केक असं काहीबाही वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. माइकवर एखादे काका गळा फाडून बोली लावतात, एकाने घेतलेली पपई तो पुन्हा लिलावात टाकतो, हसून हसून पोट दुखतं. लहानपणापासून मी तेच पाहिलेलं. देवाला द्यायचं म्हणजे असंच, यापलीकडे मी कधी विचारच केला नव्हता. त्या दिवशी आजीने नव्या तांदळाची परडी आणली. केळीच्या पानाने झाकलेली, दोन्ही हातांनी धरलेली. मी अगदी काकांच्या थाटात ती उंच धरली आणि बोली लावली. बाजारातल्या एका व्यापाऱ्याने ती घेतली, स्कूटरला अडकवली आणि तो निघून गेला. लोक हसले. मला वाटलं, सण काय झकास झाला!

पुढच्या रविवारी आजी आली नाही. मग तिची सून, शेजारी, करता करता सातच माणसं उरली. माझ्या दुभाष्याला विचारलं तर तो म्हणाला, "सगळे बरे आहेत," आणि हसला. मी आजीच्या घरी गेलो, तिने पाणी दिलं, तीही हसली. माझं काय चुकलं ते सांगेल असं एकही माणूस त्या गावात नव्हतं. मी उपास केले, रडलो, देवाशी भांडलोसुद्धा. तो तर मुळीच बोलला नाही.

नाशिकला आल्यावर आई म्हणाली, "राहा ना इथेच, बाळा. शाळेत जागा आहे. देवाची सेवा काय इथे होत नाही?" मला ते पटायला लागलं होतं. एका सकाळी मी तिला हो म्हणणार होतो, पण पाहुणे यायचे होते म्हणून तिने आधी पंचवटीत भाजीला पिटाळलं. बाजारात मखमलाबादकडची एक शेतकरीण बसली होती. तिच्या ढिगाशेजारी धुतलेल्या फडक्यावर एकच कोवळा दुधी वेगळा ठेवलेला.

"मावशी, तो द्या."

"त्यो नाय द्यायचा, दादा. नव्या येलाचा पहिला हाय. देवाला वाहायचाय."

मी थट्टेने म्हणालो, "देवाला दुसरा द्या की. मी दुप्पट देतो."

तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. "देवाच्या नावाचं इकतात का कुठं? त्याच्याम्होरं ठेवायचा, मंग शिजवून समद्यांनी खायचा. तुमच्यात इकतात?"

मला केळीच्या पानाने झाकलेली आजीची परडी आठवली. पिशवी हातात तशीच राहिली आणि भर बाजारात मला रडू फुटलं. ती बिचारी घाबरली, म्हणाली, "आवो, एका दुधीपायी रडता व्हय?"

तो दुधी प्रभूने तिथे ठेवला होता की तो नुसता दुधी होता, यावर मी वाद घालणार नाही. तिचा देव वेगळ्या नावाचा, माझा वेगळ्या, हाही गोंधळ मी अजून सोडवलेला नाही. मला एवढंच ठाऊक आहे की मी रात्रंदिवस उत्तर मागत होतो आणि ते मला भाजीवालीने दिलं. त्यासाठी मी तिचा आणि प्रभूचा ऋणी आहे. सगळं समजलं की मग जाईन, असं मी म्हणत होतो. आता न समजताच जायचं ठरवलं. आईने डोळे पुसले आणि चिवड्याचा डबा भरून दिला.

गावात पोहोचलो तो तडक आजीच्या घरी गेलो, दुभाष्याला न घेता. दोन वाक्यं पाठ केली होती: "मी देवाचा तांदूळ विकला. माझी चूक झाली." ती हसली, तेच हसू, आणि आत निघून गेली. खांबांवरच्या त्या घराच्या शिडीपाशी मी बराच वेळ उभा होतो. मग ती भाताचं ताट घेऊन आली, मला खाली बसवलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करू लागली. प्रार्थना खूप लांब होती. तिने मला क्षमा केली की आणखी काही मागितलं, कोण जाणे. मला त्यातलं फक्त माझं नाव कळलं.