ओल्या पोत्यातली पेट्रोलची टाकी

दुष्काळाच्या त्या दोन वर्षांत आमच्या गावात कुणी काही सांडत नव्हतं. त्यामुळे मासेमारी सोसायटीच्या होडीत उरलेलं पेट्रोल ओतून टाकावं, हे माझ्या मनात येणं शक्यच नव्हतं. धरणात चिखल उरला, तेव्हा होडी आमच्या अंगणात आली. आमचे मालक सोसायटीचे चेअरमन, म्हणून राखण माझ्याकडे, त्यांच्या बायकोकडे.

टाकी ॲल्युमिनियमची, आमच्या भाषेत जर्मलची. उन्हानं पेट्रोल उडून जाईल म्हणून त्या शहाण्या बाईनं काय करावं? (ती बाई मीच, पण आता ओळख दाखवायची लाज वाटते.) रांजणाला गुंडाळतात तसं टाकीला पोतं गुंडाळलं आणि रोज भांड्यांच्या खरकट्या पाण्यानं भिजवलं. वर झाकणही जरा सैल ठेवलं, आतल्या पेट्रोलचा जीव गुदमरू नये म्हणून.

थोरल्या जाऊबाईंनी विचारलं, हे काय नवीन? मी सांगितलं, आता पेट्रोलात आपल्याच उसाचं इथेनॉल मिसळतात. आणि ऊस कधी पाण्यावाचून जगलाय का? चार बायका हसल्या. मला वाटलं, कौतुकानं.

पुढच्या पावसाळ्यात धरण भरलं. सोसायटीनं कसंबसं मत्स्यबीज आणवलं. सकाळी टेम्पो काठावर लागला. हवा भरून फुगवलेल्या पिशव्या आणि त्यांत नखाएवढी पिल्लं. ऊन चढायच्या आत ती खोल पाण्यात सोडायची होती. काठाचं पाणी तापतं, शिवाय बगळे टपलेले. दोन वर्षं ऊसतोडीला आणि रस्त्याच्या कामाला गेलेली माणसं त्या पिल्लांच्या आशेवर परतली होती.

मालकांनी इंजिनाची दोरी ओढली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. मग ज्यानं त्यानं ओढून पाहिली. जाऊबाईंनी टाकीतलं थोडं बरणीत काढलं. वर पेट्रोल, खाली गढूळ पाण्याचा थर आणि त्यात कण्यांसारखं पांढरं काहीतरी. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय बघायलात तिच्याकडं?" जाऊबाई म्हणाल्या. "जीव हाय अजून पिल्लांत. ट्यूबा काढा."

ट्रकच्या ट्यूबा आणि थर्माकोलचे तराफे निघाले. मी मागं सरकत होते, तर त्यांनी माझा दंड धरला. "तू बी चल. भिजवायची लई हौस हाय तुला."

ट्यूबवर बसून, मांडीवर पिशवी घेऊन, कमरेपर्यंत भिजत मी गेले. पिशवी आधी पाण्यात तशीच तरंगत ठेवली, आतलं-बाहेरचं पाणी सारखं गार होईपर्यंत, मग तोंड सोडलं. पिल्लं क्षणभर थांबली आणि पसार झाली. माणसांनी कितीतरी फेऱ्या मारल्या. काही पिशव्या वाया गेल्या, बहुतेक वाचल्या.

गेवराईच्या मेकॅनिकनं कार्बोरेटर उघडला, तर आत पांढरी भुकटी आणि खड्डे. म्हणाला, इथेनॉल हवेतलं पाणीसुद्धा ओढून घेतं, ते तळाशी बसतं आणि धातू खातं. तुम्ही तर पाणी दारातच आणून ठेवलंत. ताक जर्मलच्या पातेल्यात ठेवता का, असंही विचारलं. आमच्यात लेकरूसुद्धा ठेवत नाही, आंबट जर्मलला खातं. तेव्हापासून हंगाम संपला की टाकी मोटारसायकलींत रिकामी होते, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, कोरड्या फडक्यानं पुसून तेलाचा हात फिरवतो. झाकण घट्ट. पाणी अडवणारं फिल्टरही बसवलं.

पुढच्या वर्षी पहिलं जाळं ओढलं, तेव्हा जाऊबाईंनी सगळ्यांत मोठा रोहू उचलून माझ्या पदरात टाकला.

"घे. ह्यो तुझ्या मांडीवरून गेलता."

इतक्या पिल्लांतून त्यांनी तो ओळखला कसा, हे मी विचारलं नाही. त्या दिवशी सोसायटीच्या सगळ्या घरांना आमच्याकडेच जेवायला बोलावलं.