दाजींना न सांगितलेला शब्द

समस्त बोरीकर, आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे रहिवासी आणि ज्यांच्या ज्यांच्या घरात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एखादा रिपोर्ट पडून आहे अशा तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने जाहीर करण्यात येते की, ‘क्रॉनिक’ म्हणजे काय आणि ‘अक्यूट’ म्हणजे काय, हे यापुढे ज्याने त्याने स्वतःच्या जबाबदारीवर समजून घ्यावे. ते समजावून सांगणारा माणूस गेला आहे. कृपया ओट्यावर गर्दी करू नये.

ही घोषणा खरं तर मी माइकवरून करायला हवी होती. तो माझा धंदाच आहे. परभणी जिल्ह्यात कुठंही लग्न असो, सत्कार असो, माइक धरून बोलायला दिगंबरला बोलावतात. पण बातमी आली तेव्हा मी गंगाखेडच्या एका मंडपात उभा होतो आणि नवरीच्या मामांना स्टेजवर येण्याची कळकळीची विनंती करत होतो. खिशात फोन थरथरला. माझी थोरली बहीण, अक्का. “गेले रे,” एवढंच म्हणाली. माइक चालू होता. माझ्या तोंडून निघालेलं “आँ?” सगळ्या मंडपात घुमलं. लोकांना वाटलं, मामा सापडत नाहीत म्हणून मी नाटक करतोय. हसले लोक... मी माइक कुणाच्या तरी हातात दिला आणि चपला शोधायला लागलो. नेहमी शंभर माणसांसमोर बोलणारा मी, त्या दिवशी बोरीला पोचेपर्यंत एक शब्द बोललो नाही. याला आता काही आठवडे झाले. अजून नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

नरहरी सर म्हणजे अक्काचे यजमान, माझे दाजी. बोरीच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. विज्ञान म्हणजे व्याख्या, असं त्यांचं मत. व्याख्या चुकली तर ते मारत नसत, मारापेक्षा वाईट काहीतरी करत. एका पोरानं एकदा उभं राहून सांगितलं, “सर, जो श्वास सोडतो तो सजीव.” दाजी शांतपणे म्हणाले, “तुझ्या व्याख्येत तुझ्या आईचा कुकर पण बसला की रे. त्याला बाहेर काढ, मग खाली बस.” पोरगं तासभर उभं होतं. कुकर काही बाहेर निघेना. आज तो पोरगा स्वतः आजोबा झाला असेल, पण गावात त्याला अजून कुकर म्हणतात.

शाळेतून निवृत्त झाल्यावर दाजींकडे रिपोर्ट यायला लागले. परभणीच्या दवाखान्यात डॉक्टर बिचारा किती जणांना समजावणार? बाहेर रांग लागलेली. लोक चिठ्ठी, फोटो, कागद सगळं पिशवीत घालून एसटीनं बोरीला यायचे आणि थेट दाजींच्या ओट्यावर टेकायचे. औषध दाजी कधीच सांगत नसत. “ते डॉक्टरचं काम. मी फक्त शब्द सोडवून देतो.” आणि शब्द सोडवायचे तेही आधी तो काय नाही ते सांगून. “बायोप्सी म्हणजे कॅन्सर न्हाई. बायोप्सी म्हणजे तुकडा काढून बघणं. बघितल्यावर कळंल. आतापासून रडू नको.” “क्रॉनिक म्हणजे लय भयंकर न्हाई, क्रॉनिक म्हणजे लय दिवसांचं. तुझं आन् तुझ्या भावाचं भांडण हाय ना, ते क्रॉनिक.” एका रिपोर्टवर ‘इडिओपॅथिक’ असं छापलेलं होतं. दाजींना इतका आनंद झाला की त्यांनी अक्काला आतून बोलावून घेतलं. “ऐक. याचा अर्थ, हे कशामुळं झालं ते आम्हाला माहीत नाही. अख्ख्या वैद्यकशास्त्रात एवढा प्रामाणिक शब्द दुसरा नाही!” ज्याला तो आजार होता तो माणूसही हसत हसत घरी गेला.

त्यांचा एक नियम मात्र कडक होता. ज्याचा रिपोर्ट, अर्थ आधी त्याला. बरोबरचे नातेवाईक डोळ्यांनी खुणा करायचे, बाजूला घेऊन कुजबुजायचे, “सर, म्हातारीला सांगू नका, झेपायचं न्हाई तिला.” दाजी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायचे, “मग रिपोर्टवर तुझं नाव घालून आण. तुला सांगतो.” मग कुजबुजणाऱ्यांची रवानगी चहा प्यायला आत, आणि ओट्यावर फक्त म्हातारी आणि दाजी.

मागच्या हिवाळ्यात दाजींचं जेवण कमी झालं. मग घास अडकायला लागला. परभणीला नेलं, तपासण्या झाल्या आणि रिपोर्ट आला तेव्हा ते आत पलंगावर होते आणि आम्ही बाहेर. जठराचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला. आता त्रास कमी ठेवायचा, एवढंच करण्यासारखं आहे, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्यासमोरच्या टपरीवर चहा निवत होता. त्यांचा मुलगा सुधीर पुण्याहून आलेला, डोळे लाल. तो म्हणाला, “मामा, बाबांना हा शब्द कळता कामा नये. ते लगेच हाय खातील. आपण अल्सर म्हणू.” त्यात दुष्टपणा काही नव्हता. आपल्याकडं सगळ्याच घरांत असं करतात. प्रेमानंच करतात. अक्का पदराच्या टोकाला पीळ घालत बसली होती. तिला कुणी विचारलं नाही. “तुमी सांगा मामा, तुमाला बोलता येतं,” सुधीर म्हणाला. झालं, नट ठरला. दाजींना बोरीला घरी आणलं. अख्ख्या तालुक्याचे रिपोर्ट वाचलेल्या माणसाला त्याचाच रिपोर्ट मिळेना. “दवाखान्यात जमा झाला, दाजी. नियम बदललाय म्हणं.”

मी रंगून सांगितलं. हात हलवले, आवाज खालीवर केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि उशीला टेकून म्हणाले, “बरं. अल्सर म्हणजे काय, दिगंबर?”

“पोटातली जखम.”

“पोट म्हणजे कुठून कुठपर्यंत? जखम कशाची?”

“जठराच्या आतल्या अस्तराला आम्लामुळं पडलेली जखम,” मी घडाघडा म्हणालो. येताना गाडीत पाठच केलं होतं.

“पाचापैकी दोन.”

“का हो दाजी? बरोबर तर हाय!”

“बरोबर हाय. पण पाठ करून आलास. ज्याला खरं समजलेलं असतं, तो सांगताना जरा अडखळतो.” एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. मी बाहेर येऊन सुधीरला सांगितलं, पटलं त्यांना. आणि माझं मलाच पटलं नाही...

त्यानंतर बोरीच्या त्या घरात जे चाललं, त्यापेक्षा मोठं नाटक मी आयुष्यात पाहिलं नाही. भेटायला कुणी आलं की दाजी स्वतःच सांगायचे, “अल्सर झालाय.” आणि लगोलग त्याची व्याख्या, काना-मात्रा न चुकता. आम्लापासून अस्तरापर्यंत सगळं. ऐकणाऱ्याला वाटायचं, सरांची तब्येत खराब असली तरी डोकं ठणठणीत आहे. ते कणाकणानं वाळत होते, आणि घरातला प्रत्येक माणूस ‘अल्सर भरून यायला वेळच लागतो’ म्हणत होता. त्यांना ठाऊक होतं का? आमच्यासाठी ते आमचं खोटं सांभाळत होते का? की खरंच, स्वतःची पाळी आल्यावर त्यांनाही तो शब्द नकोच होता? मी रोज त्यांच्या चेहऱ्यावर शोधायचो. रंगमंचावरचा माणूस मी, मला चेहरे वाचता येतात असा माझा समज. त्या चेहऱ्यावर काही सापडलं नाही.

पण खरी कोंडी झाली ती अक्काची. एके दिवशी मी जिंतूरहून कार्यक्रम करून बोरीला उतरलो, तर ती मागच्या अंगणात तांदूळ निवडत होती. निवडून झालेलेच पुन्हा निवडत होती. म्हणाली, “दिगू, मला त्यांना एक विचारायचंय. ते गेल्यावर मी इथंच राहू, का सुधीरकडं पुण्याला जाऊ? इतक्या वर्षांत मी एक भाजीसुद्धा त्यांना न विचारता आणली न्हाई. आता हे कसं विचारू? अल्सर झालेल्या माणसाला कुणी असलं विचारतं का? म्हणतील, ही माझ्या मरणाची वाट बघायलीय काय.” मी तिला काहीतरी चुटका सांगितला. ती हसली नाही. सुधीर रोज फोनवर बजावायचा, “आई, त्यांच्यासमोर रडू नको, काही बोलू नको.” मग ती रडली नाही. काही बोलली नाही. त्यांच्यासाठी पेज करायची, पाय चेपायची आणि तोंड मिटून बसायची. एका खोलीत दोन माणसं आणि मधे अल्सर.

मला छळतात ते हेच दिवस. दाजी गेले याचं दुःख आहेच, पण तो आजार कुणाच्या हातात नव्हता. हे दिवस आमच्या हातात होते. ते सरले तेव्हा दाजींच्या आवाजाला मोजकीच ताकद उरली होती. उरलेल्या त्या आवाजात ते आणि अक्का दुपारभर हळूहळू बोलत बसत, आम्ही गेलो की थांबत. काय बोलले ते अक्कानं मला सांगितलेलं नाही, मी विचारलंही नाही. ती आज बोरीतच आहे, आणि तिला पुण्याला नेण्याचा विषय सुधीर पुन्हा काढत नाही. पण ते बोलणं ज्या दुपारी सुरू झालं, ती दुपार सांगितल्याशिवाय मला थांबता येणार नाही.

गल्लीतल्या गयाबाई रिपोर्ट घेऊन आल्या. आम्ही दारातच अडवलं, सर झोपलेत म्हणालो. आतून आवाज आला, “कोण? येऊ द्या.” गयाबाई पलंगाशी खाली बसल्या. दाजींनी चष्मा मागितला, कागद डोळ्यांजवळ नेला. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. जठर. आणि पुढं तोच शब्द. सुधीरही त्या दिवशी घरी होता, तो पुढं झाला, “बाबा, राहू द्या, नंतर बघू.” दाजींनी मान वर न करता म्हटलं, “रिपोर्ट तुझा हाय का?”

मग ते गयाबाईंना सांगायला लागले. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अडखळताना ऐकलं. “गयाबाई, हे... हा अल्सर न्हाई. आम्लाची जखम न्हाई. जठराच्या अस्तरातल्या पेशी असतात, त्यांना वाढायचं कुठं थांबायचं ते ठाऊक असतं. इथं त्या... थांबंनात. याला कॅन्सर म्हणतात. पण नीट ऐका. तुमचा कुठवर गेलाय ते या कागदात न्हाई. ते अजून बघायचंय. लवकर सापडला तर कापून काढतात. नुसतं नाव कळलं म्हणजे दिवस ठरले, असं न्हाई. उद्याच्या उद्या परभणी गाठा.”

गयाबाईंनी डोळे पुसले. बराच वेळ त्या कागदाकडं नाही, दाजींच्या हाडं निघालेल्या मनगटाकडं बघत राहिल्या. “आन् सर, तुमाला काय झालंय म्हणायचं?”

दाजींनी एकदा सुधीरकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. चष्मा काढून मिटला. “मला ना... अल्सर,” ते म्हणाले.

तेवढ्यात दाराशी पेजेची वाटी धरून उभी असलेली माझी अक्का, जिनं नवऱ्याचं बोलणं चारचौघांत कधी खोडलं नव्हतं, ती केवढ्यांदा तरी ओरडली, “न्हाई वो गयाबाई, ह्यांना बी तेच हाय! आन् ह्यांच्यामागं मी कुठं राहू, ते ह्यांनाच इचारायचंय मला, तर ह्या घरात कुणी इचारू बी देईना!”